प्रमाण कोणाचे, मुद्रा कोणाची?



सज्जनहो, कीर्तनाला आपण सारेच बसतो. महाराज एखादा सिद्धांत मांडतात आणि त्याला आधार म्हणून अभंगाचा एखादा चरण देतात. या आधाराला आपल्या संप्रदायात फार वजनदार शब्द आहे : प्रमाण. प्रमाण दिले की टाळकरी चाल उचलतात, पखवाज घुमतो, आणि शेवटी 'तुका म्हणे' कानी पडले की श्रोत्याची शंका तिथेच विरते. बाभुळगावातल्या सप्ताहात असो की पंढरीच्या वाळवंटात, हे सगळीकडे सारखेच.

आता असे पाहा. त्या क्षणी आपले मन कशापुढे झुकते? चरणातल्या अर्थापुढे की शेवटच्या नावापुढे? हाच चरण शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या भाविकाने स्वतःच्या नावाने म्हटला असता तर आपण हात जोडले असते का? मनाशी खरे बोलायचे तर बहुतेक वेळा नाही. नावात वजन आहे. आणि जिथे वजन आहे तिथे त्याचा गैरवापरही आहे. आज हातातल्या मोबाईलवर सकाळी उठल्याबरोबर तुकोबारायांच्या नावाचे चार चरण येतात. त्यातले काही गाथ्यात आहेत, काही कुठल्याच गाथ्यात नाहीत. अर्थ बहुधा चांगलाच असतो : दारू पिऊ नका, आईबापांना जपा, झाडे लावा. मग कोणी म्हणेल, अर्थ चांगला आहे ना, मग नाव कोणाचेही असेना, काय बिघडले?

हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही. बोलण्याचा अधिकार कोणाला असतो, तो येतो कुठून, आणि आपला शब्द दुसऱ्याच्या नावाने चालवण्याचा अधिकार कोणाला आहे का, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. संतांनी हे कसे सोडवले ते आधी पाहू.

ज्ञानोबारायांपासून सुरुवात करू. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशाला गीतेवरची टीका सिद्ध झाली. गीता संस्कृतात, तिच्यावरची मान्य भाष्ये संस्कृतात, आणि ती सांगण्याचा अधिकार शास्त्री-पंडितांकडे. अशा वेळी ज्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून समाजाने वाळीत टाकले होते, त्यातला एक कोवळा मुलगा भरसभेत गीतेचा अर्थ मराठीत सांगतो. कोणीही विचारले असते, तुला हा अधिकार कोणी दिला? माउलींनी आपले उत्तर ग्रंथातच ठेवले. ते म्हणतात की आपण व्यासांच्या मागोमाग चाललो आहोत आणि वाट भाष्यकारांना विचारत आलो आहोत. आणि जे काही साधले ते निवृत्तिनाथांच्या कृपेचे आहे. श्रोत्यांपुढे ते लेकरू होतात आणि सलगीची क्षमा मागतात. मात्र मराठीविषयी बोलू लागले की ते जराही दबत नाहीत, तिच्या गोडीची ग्वाही छातीठोकपणे देतात. स्वतःकडे लहानपण आणि शब्दाकडे मोठेपण, अशी ही वाटणी आहे. ती नीट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हती. माउलींनंतर सुमारे शंभर वर्षांनी इंग्लंडात चॉसर नावाचा कवी झाला. इ.स. १४०० मध्ये तो वारला. तिकडेही मान होता लॅटिनला आणि फ्रेंचला, इंग्रजी ही साध्या लोकांची बोली. चॉसरचे सर्वांत गाजलेले काव्य एका यात्रेचेच आहे. लंडनहून कँटरबरीच्या थॉमस बेकेट या संताच्या समाधीला निघालेले यात्रेकरू वाट सरावी म्हणून एकमेकांना गोष्टी सांगतात. वारीत चालणाऱ्याला ते चित्र परके वाटणार नाही. त्यात चॉसर हात झटकून मोकळा होतो : जो जे बोलला ते मी सांगतो, दोष मला देऊ नका. त्याच्या दुसऱ्या एका मोठ्या काव्यात, ट्रॉयलस आणि क्रिसेडच्या प्रेमकथेत, तो सांगतो की आपण लॉलियस नावाच्या जुन्या ग्रंथकाराच्या मागे चाललो आहोत. गंमत अशी की असा ग्रंथकार झालाच नाही. कथा त्याने घेतली होती बोकाचिओ या इटालियन कवीकडून, आणि त्याचे नाव मात्र कुठे घेतले नाही. जिवंत काळाचे, लोकभाषेतले नाव कमी वजनाचे वाटावे आणि जुने लॅटिन नाव भारी वाटावे, असा तो काळ होता.

माउलींनी व्यासांचे, भाष्यकारांचे आणि निवृत्तिनाथांचे ऋण सांगितले, चॉसरने लॉलियसचे. वरवर दोघांचे एकच दिसते, दोघेही थोरांच्या नावाआड लहान झाले. पण माउलींचा आधार सभेत समोर बसलेला होता. निवृत्तिनाथांना कोणीही जाऊन विचारू शकला असता. चॉसरच्या लॉलियसला कोण विचारणार? आधार दोन जातींचा असतो, एक ऋण सांगणारा आणि एक झाकण घालणारा. चॉसर मोठा कवी होता, त्याची थट्टा करण्याचा हेतू नाही. पण मोबाईलवर फिरणारे चरण कोणत्या जातीचे, हे ठरवायला त्याचा दाखला उपयोगी पडतो.

आता तुकोबारायांकडे येऊ, कारण अधिकाराचा प्रश्न त्यांच्याइतक्या कठोरपणे क्वचितच कोणाला विचारला गेला असेल. तुकोबा सांगतात की नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करण्याचे काम नेमून गेले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा व्हायचा होता. उरलेले काम तुकोबांच्या गळ्यात पडले. पाहा, जवळजवळ अशीच गोष्ट इंग्लंडातही घडली. चॉसरची एक कथा अर्धवट राहिली होती. दोनशे वर्षांनी स्पेन्सर नावाच्या कवीने १५९६ साली छापलेल्या आपल्या काव्यात ती पुढे नेली, आणि चॉसरची क्षमा मागून म्हटले की त्याचाच आत्मा आपल्यात उतरला आहे. गेलेल्या कवीचे अपुरे काम अंगावर घेणे आणि त्या नात्यातून बोलण्याचा हक्क सांगणे, ही माणसाची जुनी रीत आहे.

पण स्पेन्सरला कोणी नदीवर नेले नाही. तुकोबांना नेले. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला की शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो हे बरे नव्हे. तुकोबांनी सांगितले की बोल माझे नाहीत, बोलविता धनी पांडुरंग आहे. तेव्हा निवाडा झाला : तर मग वह्या नदीत बुडव, देवाच्या असतील तर देव राखील. वह्या इंद्रायणीत गेल्या. परंपरा सांगते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. पुढे रामेश्वरभट्ट स्वतःच त्यांचे शिष्य झाले.

या कथेत आपण चमत्कार पाहतो, तो पाहावाच. पण त्याच्या अलीकडे एक गोष्ट आहे, ती निसटू देऊ नका. 'शब्द देवाचा' असे म्हणून तुकोबांनी जबाबदारी देवावर ढकलली नाही. शब्द देवाचा होता, तेरा दिवसांची उपासमार तुकोबांची होती. बोल माझा नाही असे म्हणणारा माणूस त्या बोलासाठी प्राण पणाला लावून बसला. अधिकार कुठून येतो याचे याहून चोख उत्तर मला तरी माहीत नाही. तो रामेश्वरभट्टांच्या परवानगीने आला नाही, आणि केवळ स्वप्नात नामदेव आले एवढ्यानेही पुरा झाला नाही. शब्दाची किंमत स्वतः मोजायला तयार झाल्यावर तो पुरा झाला.

म्हणूनच संतांच्या मुद्रिका नीट पाहायला हव्यात. अभंगाच्या शेवटी नाव असते, त्याला आपण मालकीची खूण समजतो, जणू अभंग म्हणजे शेत आणि मुद्रा म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. पण संतांच्या मुद्रा मालकाच्या वाटत नाहीत. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवतात. सोयराबाई चोख्याची महारी म्हणून सही करतात, ज्या शब्दाने गाव त्यांना वेशीबाहेर ठेवत होते तोच शब्द देवापुढे सहीत ठेवतात. नाथमहाराज आपल्या नावाला जनार्दनस्वामींचे नाव जोडतात, एका जनार्दनी. शिऊरच्या बहिणाबाई, ब्राह्मणाघरची स्त्री, तुकोबांना गुरू करते म्हणून नवऱ्याचा छळ सोसते, आणि तरी आपल्याच नावाने सांगते. या सह्या साक्षीदाराच्या आहेत. साक्षीदार शेताचा मालक नसतो, पण 'हे मी पाहिले, मी येथे उभा होतो' एवढे तो अंगठा उठवून सांगतो, आणि उद्या कचेरीत बोलावले तर त्यालाच जावे लागते.

मग दुसऱ्याच्या नावाची मुद्रा घालणे म्हणजे काय? जो त्या जागी उभा नव्हता त्याचा अंगठा उठवणे.

इथे कोणी खरा वारकरी मला अडवेल, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. तो म्हणेल, शेकडो भाविकांनी तुकोबांच्या नावाने अभंग केले ते चोरी म्हणून नव्हे. त्यांना आपले नाव मिरवायचे नव्हते. अहंकार घालवायचा तर नावही घालवावे, म्हणून त्यांनी आपला शब्द तुकोबांच्या पायी वाहिला. शिवाय हे सारे तोंडोतोंडी चालले. नामदेवरायांच्या अभंगांत नंतरच्या विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या, त्यात कोणाची लबाडी होती? तुकोबांची गाथा सरकारी मदतीने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली, तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण वेगवेगळ्या प्रतींत संख्या आणि पाठ वेगवेगळे. मग खरे-खोटे निवडणारे तुम्ही कोण?

हे म्हणणे खरे आहे. प्रेमाने विरघळलेल्या त्या अनाम भाविकांना कोणी चोर म्हणू नये. इंग्लंडातही १५३२ साली चॉसरचे समग्र ग्रंथ म्हणून जे छापले, त्यात इतरांच्या रचना शिरल्या होत्या, आणि पुढच्या लोकांनी त्या त्याच्याच म्हणून वाचल्या. पण नाव विरघळवणे आणि खरेपणा राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, हे दाखवणारी माणसेही झाली. नामदेवरायांची ६१ पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याच ग्रंथाचे उदाहरण घ्या. नानकदेवांनंतरच्या गुरूंनी आपल्या पदांत स्वतःचे नाव घातले नाही, सर्वांनी 'नानक' हीच मुद्रा वापरली. ज्योत एकच, म्हणून नाव एकच. पण प्रत्येक पदाच्या माथ्यावर महला पहिला, महला तिसरा, महला पाचवा असे लिहून ठेवले, म्हणजे कोणत्या गुरूंचे पद ते कळावे. अहंकारही गेला आणि वाचणाऱ्याची फसवणूकही झाली नाही.

आपल्याकडे हे काम नाथमहाराजांनी केले. माउलींनंतर तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडले होते, भर पडली होती. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की यात कोणी आपली ओवी घालू नये, अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे ते होईल. ही ताकीद देणारा माणूस स्वतः केवढा कवी होता! ज्ञानेश्वरीत आपली शंभर ओव्यांची भर घालणे नाथांना जड नव्हते आणि ती कोणाला ओळखूही आली नसती. पण स्वतःला जे सांगायचे होते त्यासाठी त्यांनी वेगळे भागवत लिहिले, आणि त्याखाली आपली व आपल्या गुरूंची मुद्रा ठेवली. त्यांचे भावार्थ रामायण अपुरे राहिले ते गावबाने पुरे केले, आणि परंपरेने गावबाचेही नाव जपले.

नाथांच्या आधी शंभर वर्षे, १४८३च्या सुमारास, लंडनमध्ये कॅक्स्टन नावाच्या छापखानेवाल्याने चॉसरचे ते यात्रेचे काव्य दुसऱ्यांदा छापले. कारण एका वाचकाने येऊन सांगितले होते की तुझी पहिली छपाई कवीच्या शब्दांशी जुळत नाही, माझ्या वडिलांकडे चांगली प्रत आहे. कॅक्स्टनने ती मागून घेतली आणि पुन्हा छापले. गेलेला माणूस आपल्या शब्दाचे रक्षण करायला येऊ शकत नाही. ते मागे राहिलेल्यांनी करायचे असते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे या. अर्थ चांगला असेल तर काय बिघडले? बिघडते ते असे. चांगल्या अर्थासाठी जे दार आपण उघडतो, त्याच दारातून वाईट अर्थही आत येतो. आज झाडे लावा असे तुकोबांच्या नावाने सांगितले आणि आपण तपासले नाही. उद्या अमक्या जातीला दूर ठेवा, तमक्याचा द्वेष करा, असे त्याच नावाने येईल, आणि तेव्हा 'हे तुकोबांचे नाही' म्हणायला आपल्याकडे तोंड उरणार नाही. ज्या माणसाने आपल्या शब्दासाठी तेरा दिवस प्राण पणाला लावले, त्याच्या तोंडी आपण असा शब्द घालतो ज्यासाठी आपण एक जेवणही सोडलेले नाही. आणि ज्याने तो चरण खरोखर केला, त्याला आपला शब्द आपल्या अंगावर घेण्याची संधीही आपण देत नाही.

पण याची दुसरी बाजूही सांभाळावी लागेल. छापील गाथ्यात असेल तेवढेच खरे आणि नव्याने बोलण्याचा कोणाला अधिकारच नाही, असे धरून बसलो तर आपण रामेश्वरभट्टांच्या जागी जाऊन बसतो, तेही शिष्य होण्याआधीच्या. संतांचा काळ संपला आणि आता फक्त पाठांतर उरले, असे माउलींनी सांगितले नाही आणि तुकोबांनीही नाही.

याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. बाभुळगावच्या उत्तरेला वर्धेकाठी रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर, आणि त्याच अमरावती जिल्ह्यात माधान. तिथले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. शेतकऱ्याघरचे मूल, आणि नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. शास्त्र सांगण्याचा अधिकार मागायला त्यांच्याकडे काय होते? १९०१ साली माउलींनी अनुग्रह दिला असे त्यांनी सांगितले, आणि त्यानंतर जन्मभर ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत राहिले. १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवला, तोवर शंभरावर ग्रंथ सिद्ध झाले होते. माउलींवर एवढे प्रेम करणाऱ्याने आपली पदे माउलींच्या नावाने सोडली असती तर भोळ्या लोकांनी ती मानलीही असती. त्यांनी तसे केले नाही. माउलींचे नाव न घेता माउलींचे नाते घेतले आणि लेक म्हणून आपल्या तोंडाने बोलले. बोलणे खरे निघाले तर मान बापाचा, चुकले तर दोष लेकीचा.

तेव्हा सज्जनहो, आपल्या हाती काय आहे? कीर्तनात किंवा भजनात प्रमाण देताना, गाथ्यात पाहिले असेल तर तसे सांगा, ऐकीव असेल तर 'ऐकीव आहे' म्हणा. तेवढ्याने रस भंगत नाही, श्रोत्याचा विश्वास वाढतो. मोबाईलवर आलेला चरण पुढे पाठवण्याआधी घरातली गाथा उघडा. आपल्या भजनी मंडळात एखादी आजी दळताना स्वतःची ओवी जुळवत असेल, एखादा तरुण वहीत अभंग लिहून लपवत असेल, तर त्याला सांगा, बाबा, शेवटी तुझेच नाव घाल. हवे तर तुक्याचा दास म्हण, माउलीचे लेकरू म्हण, पण उभा तू राहा. आणि तो उभा राहिला तर त्याला हसू नका. पहिल्या चरणात छंद चुकला तरी टाळ थांबवू नका.

अखंड सप्ताहात विणेचा पहारा असतो. वीणा जमिनीवर ठेवायची नाही, एकाने गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. वीणा कोणाच्याच मालकीची नसते. पण ज्याच्या पहाऱ्याची वेळ आहे त्याचे नाव फळ्यावर लिहिलेले असते, आणि रात्री तीनच्या पहाऱ्याला ज्याचे नाव आहे त्यालाच उठावे लागते. तुकोबांच्या नावावर त्या वेळी कोणालाही झोपता येत नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.